रुळांखालचे कूर्मद्वार

ज्या श्रीहरीने मंदराचल पाठीवर घेतला, देवदैत्यांची एवढी ओढाताण सोसली आणि एकदाही मान बाहेर काढून तक्रार केली नाही, त्या कूर्मरूपाला माझे प्रथम वंदन. नंतर गोदामाईला, जिच्या काठी गंगाखेडास माझे बाहत्तर वर्षांचे आयुष्य गेले. आणि त्यानंतर हैदराबादेच्या सीमेवर रेल्वेच्या रुळांखाली केलेल्या चार हात लांब भोकाला. कारण या प्रवासाचे निमित्त तेच होय. भोकाला वंदन करण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नव्हता. परंतु ज्या वाटेने जीव वाचतो, ती वाट किती रुंद आहे हे मोजून नमस्कार करावयाचा नसतो.

निमित्त असे घडले. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा श्रीनिवास हा रेल्वेत रुळांची निगा राखणारा अभियंता आहे. एके दिवशी पाठशाळेच्या फोनवर त्याचा आवाज आला. "मामा, एक पूजा सांगायची आहे. रुळांखालून कासवांसाठी वाट केली आहे."

"कासवांनी मागितली होती?" मी विचारले.

"मागत नाहीत, म्हणून तर मरतात."

मग त्याने सविस्तर सांगितले. शहराच्या पश्चिम टोकाला तामरकुंटा नावाचे कमळांचे तळे आहे आणि तळ्याला लागून रेल्वेचे फाटक. फाटकातील रस्ता रुळांच्या बरोबरीने भरलेला असल्यामुळे तळ्यातून निघालेले कासव तेथे सहज रुळांमध्ये शिरते. पण रस्ता संपला की दोन्ही बाजूंचे रूळ त्याच्या दृष्टीने तटबंदीसारखे उंच होतात. मग ते बिचारे बोळात सापडल्याप्रमाणे दोन रुळांच्या मधून सरळ चालत राहते, आणि समोरून गाडी येते. यावर श्रीनिवासाने उपाय काढला होता. फाटकापासून दहा पावलांवर रुळांखालच्या दोन आडव्या स्लीपरांमधली खडी काढून तेथे सिमेंटची पन्हळ आडवी बसवायची, म्हणजे चालता चालता कासव तीत उतरेल आणि रुळाखालून बाहेर पडेल.

"परवानगी चार दिवसांची आहे," तो म्हणाला. "सोमवारी पन्हळ बसेल, गुरुवारी मोठे साहेब पाहायला येतील. तोवर एक तरी कासव त्यातून गेल्याची नोंद हवी. नाही तर खडी पुन्हा भरून टाकायची. रुळाखाली पोकळी ठेवणं आमच्या खात्यात कुणाला आवडत नाही. मला आत्ताच ऑफिसात ताबेलु साहेब म्हणतात." ताबेलु म्हणजे तेलुगूत कासव.

मी होकार दिला. मात्र कोणता विधी करावा, याचा निर्णय होईना. वास्तुशांती म्हणावी तर येथे कोणी राहणार नव्हते. जलाशयोत्सर्ग म्हणावा तर पाणी नव्हते. घर बांधताना आपण पायाभरणीत कूर्म बसवतो. येथे कूर्मासाठी कोणाचा तरी पाया उकरला होता. दोन रात्री ग्रंथ चाळून शेवटी मी साधे कूर्मपूजन योजले, आणि देवघरातील चांदीचे कासव धोतराच्या घडीत बांधून घेतले.

रविवार, काचीगुडा

गाडीतील रात्रीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सर्व डबा झोपला होता आणि मीही. श्रीनिवासाचे बिऱ्हाड काचीगुड्यास स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. दार उघडले ते त्याच्या पत्नीने, मंजिरीने. ती मूळची पुण्याची, संगणकाच्या कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. कानांवर यंत्र, तोंडाने कोणाला तरी इंग्रजीत समजावणे चालू. त्याच स्थितीत तिने वाकून नमस्कार केला. मी "अष्टपुत्रा" म्हणता म्हणता थांबलो, कारण पलीकडचा मनुष्यही ऐकत असेल असे वाटले.

"म्यूट आहे, मामा. द्या आशीर्वाद," ती म्हणाली. "पण आकडा जरा कमी करा."

दुपारी तिने पेसरट्टू केले. आपल्या मुगाच्या धिरड्याचेच हे भावंड. फरक इतकाच की तिकडे धिरड्याच्या पोटात उपमा घालतात. एका पदार्थाच्या आत दुसरा पदार्थ, हे आपल्याकडे करंजी-मोदकाच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. सोबत अंबाडीची चटणी होती. "लसूण नाही घातला हं," मंजिरी म्हणाली, "शेजारच्या आंटी म्हणाल्या, मग गोंगुरा कशाला करता, गवतच वाढा त्यांना." मला ते गवत उत्तम लागले. दोनदा मागून घेतले.

सोमवार, तामरकुंटा

"मुहूर्त कोणता धरला आहेस?" मी जीपमध्ये श्रीनिवासाला विचारले.

"सहा चाळीस ते सात वीस. कंट्रोलने दिला आहे, मामा. तेवढा वेळ गाड्या अडवून ठेवतील."

मी पंचांग उघडले. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो; म्हणजे कंट्रोलमध्ये बसणाऱ्या त्या अज्ञात गृहस्थाने नकळत दहा मिनिटे राखून मुहूर्त दिला होता. खडी ओढणाऱ्या तेलुगू मंडळींना हे माझ्याआधी ठाऊक होते. आपल्याकडे राहुकाळ आठवतो तो लग्नपत्रिका छापताना. तिकडे पान्हा हाती घेतानाही विचारतात.

फाटकाची राखण यादम्मा नावाची बाई करते. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, कमरेला हिरवे-लाल निशाण खोवलेले. मी रुळांकडे दोन पावले टाकली तोच ती गरजली, "उधर किधर जारे पंतुलुगारू? पटरी पे नक्को! मैं बोलूंगी तब आना." पंतुलुगारू म्हणजे भटजीबुवा. पाठशाळेत पंचेचाळीस वर्षे मी इतरांना बसा-उठा सांगितले; येथे मी निमूट उभा राहिलो.

पन्हळ बसली आणि पूजा झाली. संकल्पात देश-काल म्हणताना "अमुक किलोमीटरी, अमुक खांबासमीपे" असे म्हणावे लागले. मुख्य पाहुणा, म्हणजे कासव, मात्र फिरकलेच नाही. नारळ फोडण्याची वेळ आली तेव्हा एका कामगाराने तो रुळावर हाणण्यासाठी हात उगारला आणि श्रीनिवास ओरडला, "रुळावर नको! मला रिपोर्ट लिहावा लागेल!" तेव्हा नारळ दगडावर फोडला.

आता सर्व संपले असे मला वाटले. पण त्या मंडळींच्या मते दृष्ट काढल्यावाचून काहीच संपत नाही. त्यांनी पोत्यातून भला मोठा कोहळा काढला. तिकडची पद्धत अशी की कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचे, ओवाळायचे आणि जमिनीवर आपटायचे. तो आपटला. पांढरा गर लाल होऊन खडीवर चहूकडे उडाला. सर्वजण फाटकाबाहेर आले, श्रीनिवासाने फोनवर मार्ग मोकळा झाल्याचे कळवले, आणि राहून गेलेला साष्टांग नमस्कार मी रुळांपासून चांगला दूर, कुंपणापाशी घातला.

मी पालथा असतानाच मालगाडीची कर्कश शिट्टी आणि चाकांचा किंचाळण्याचा आवाज कानी आला. गाडी थांबली होती. इंजिनातून चालक खाली उतरला आणि धावत आला. त्याला दिसले होते ते असे: रुळांवर लाल सडा, फाटकाबाहेर हात जोडून उभे कामगार, आणि कुंपणाशी पालथा पडलेला धोतरातील वृद्ध.

"कौन कटा?" तो ओरडला.

"गुम्मडिकाय!" यादम्मा म्हणाली. म्हणजे कोहळा.

"गुम्मडिकाय कटा तो इत्ती भीड़ कायकू? और ये कौन है?"

मी उठून बसलो. चालकाने छातीवर हात ठेवला आणि "मां कसम, मेरा कलेजा मुंह में आ गया था पंडितजी," म्हणत माझ्याच शेजारी खडीवर बसकण मारली. मी त्याला खोबऱ्याचा प्रसाद दिला. तिकडे श्रीनिवास फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाही सर, माणूस नाही. कोहळा. नाही सर, जिवंत आहेत, माझे मामा आहेत." राहुकाळ लागावयास अद्याप चार मिनिटे होती.

मंगळवार

श्रीनिवास रोज पहाटे जीपने फाटकावर येई, मला तळ्याकाठी सोडी आणि रूळ तपासत पुढे जाई. संध्येसाठी ती जागा फार सुंदर आहे. कमळांच्या पानांवर पाणबगळे चालतात, आणि पलीकडच्या काचेच्या उंच इमारती पाण्यात उलट्या उभ्या असतात. अर्घ्य दिले की वीस मजले हलतात.

अर्घ्य देऊन मागे वळलो, तो काठावरून फाटकाच्या दिशेने एक कासव निघालेले दिसले. काळपट, कठीण पाठीचे, पसरट वाडग्याएवढे. माझे हृदय भरून आले. आपल्याकडे देवळात शिरताच सभामंडपात दगडी कासव असते. त्याला हात लावल्याशिवाय कोणी देवापुढे जात नाही. तिकडच्या देवळांत त्या जागी ध्वजस्तंभ असतो, त्यामुळे दोन दिवस मला चुकल्यासारखे वाटत होते. येथे तर साक्षात सजीव कूर्म समोर होता, आणि तो चालला होता रुळांकडे, मृत्यूकडे.

गंगाखेडच्या घाटावर पायऱ्यांवर आलेले कासव दिसले की जो पाहील त्याने ते उचलून गोदेत सोडायचे, असा आमचा आजन्म परिपाठ. मी तेच केले. दोन्ही हातांनी उचलले, मस्तकाला लावले. ओल्या पाठीवर गंध टिकेना, म्हणून बटव्यातील तेलात खललेल्या शेंदराचा मसुरीएवढा टिळा लावला, आणि पाण्यात चार पावले जाऊन सोडून दिले. एक जीव वाचला. केलेले पुण्य बोलून दाखवले की ते झडते, अशी आमच्या गुरुजींची शिकवण. म्हणून कोणापाशी अवाक्षर काढले नाही.

फाटकाच्या खोलीत यादम्माची वही होती. तीत श्रीनिवासाने रकाना आखून दिला होता. "एक बी नै आया साब," ती त्याला म्हणाली. "बारिश के बाद तो रोज दिखते थे. अब भोक बनाए तो रूठ गए क्या की."

श्रीनिवासाने वहीत शून्य लिहिले. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटले. "धीर धर," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी वाट केली आहे तो आपल्या गतीने येईल." मनात मात्र संतोष होता की आज कोणी त्या वाटेला गेलेच नाही. आता लिहिताना स्वतःच्या त्या संतोषाची लाज वाटते.

बुधवार

दुसऱ्या दिवशी तेच स्थळ, तीच वेळ, आणि तेच कासव. पाठीवर माझा टिळा, किंचित फिकट झालेला.

वाचकहो, त्या क्षणी कोणत्याही शहाण्या मनुष्याला जे कळले असते ते मला कळले नाही. मला वाटले, हा जीव पूजेसाठी परत आला आहे. काल लाभलेला स्पर्श त्याला आवडला असावा. विष्णूचे नाम घेतले, पहिल्या टिळ्याशेजारी दुसरा लावला आणि कालच्यापेक्षा दहा पावले अधिक आत, चांगल्या खोल पाण्यात नेऊन सोडले. त्याने चारही पाय जोरजोराने हलवले. मी ते आनंदाचे लक्षण मानले. वहीत पुन्हा शून्य पडले. "उद्या साहेब येणार," एवढेच श्रीनिवास म्हणाला, आणि खडी पुन्हा भरायला किती माणसे लागतील याचा हिशेब कामगारांशी करू लागला.

दुपारी मन रमवावे म्हणून मी अफझलगंजचे मोठे ग्रंथालय पाहण्यास पायी निघालो. मंजिरीने रस्ता सांगितला आणि माझ्याजवळ फोन नसल्यामुळे घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवली. अर्धी वाट गेलो असेन, तोच एक रिक्षा शेजारी थांबली. चालकाचे नाव हनीफभाई, हे नंतर कळले.

"किधर जारे बड़े साब, ऐसी धूप में? पांव में चप्पल बी नै!"

चप्पल मी घरी ठेवली होती, कारण ग्रंथालय हे सरस्वतीचे स्थान. पण हे हिंदीत कसे सांगावे, या विचारात मी थबकलो. त्याने माझ्या खिशातून डोकावणारी चिठ्ठी पाहिली, वाचली, आणि त्याच्या मुद्रेवर अपार करुणा पसरली. "आईये आईये, घर छोड़ देता हूं. घरवाले फिकर करते रहेंगे." मी ग्रंथालयाच्या दिशेने हात केला. "हौ हौ, सब देखेंगे, पहले घर," म्हणत त्याने मला हाताला धरून बसवले. दारात सोडले. पैसे घेतले नाहीत. "हमारे अब्बा बी ऐसेच निकल जाते थे," एवढे मंजिरीला हळूच सांगून गेला.

मी पुन्हा निघालो. या वेळी त्याच रस्त्याच्या थोडे पुढेपर्यंत पोहोचलो. दुसरा रिक्षावाला, तीच चिठ्ठी, तोच कनवाळूपणा. त्याने तर वाटेत मला उसाचा रस पाजला.

मंजिरीने दार उघडले. हसू आवरण्यासाठी तिने पदर शोधला, पण तिच्या पोशाखाला तो नव्हता. "मामा, परत आणलं?"

मी पायरीवर बसलो. रागही येईना, कारण दोघेही देवमाणसे होती. दोघांनी माझे पाय उन्हातून वाचवले होते. फक्त मला कोठे जायचे आहे, हे दोघांपैकी कोणी विचारले नव्हते. किंवा विचारले तरी उत्तरासाठी थांबले नव्हते. रिक्षात बसवले जात असताना मी हात हलवत होतो, तो त्यांना बहुधा आनंद वाटला असावा.

मी ताडकन उठून उभा राहिलो.

"काय झालं?" मंजिरी घाबरली.

"कासवाला तळ्यात जायचे नव्हते," मी म्हणालो.

संध्याकाळी श्रीनिवास आला तेव्हा मी त्याला ताटावरही बसू दिले नाही. दोन दिवसांचे सर्व सांगितले. पुण्य झडले तर झडो. तो ऐकत राहिला. त्याचे डोळे आधी मोठे झाले, मग मिटले.

"म्हणजे मी रुळाखाली वाट करतो, वहीत शून्य लिहितो, खडीची माणसं ठरवतो, आणि तिकडे तुम्ही माझी सगळी वाहतूक उचलून तळ्यात टाकता?"

"सगळी नाही. एकच कासव. दोनदा."

"एकच तर हवं होतं, मामा!"

मंजिरी आतून म्हणाली, "अहो, ओरडू नका त्यांच्यावर. आज त्यांनाही दोनदा उचललंय."

श्रीनिवास प्रथम तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहू लागला, आणि त्याला हसू फुटले. पण ते लवकर विरले. "अंडी घालायला निघालेली मादी असणार. पलीकडच्या मातीत घालतात. दोन दिवस अडवल्यावर उद्या ती पुन्हा निघेल की नाही, कुणास ठाऊक. नाही निघाली तर वाट बुजणार, आणि पुढे ती रुळांतच अडकणार."

रात्री मी जपाला बसलो, पण माळ पुढे सरकेना.

गुरुवार

मोठे साहेब सहालाच आले. स्वच्छ पांढरा सदरा, चकचकीत बूट, मोजके बोलणे. माझी ओळख करून देताना श्रीनिवासाने सत्य सांगितले, हे त्याचे मोठेपण. साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळले. "तो आज आप हाथ कहां रखेंगे, पंडितजी?"

मी उपरणे काढून दोन्ही हात त्यात बांधून घेतले. गाठ यादम्माने मारली; अशी मारली की अद्याप मनगटावर वळ आहे.

साडेसहा झाले. तळे निश्चल होते. पावणेसातला कमळांच्या देठांत पाणी हलले आणि दोन टिळे काठावर आले.

"ये पेंट किसने किया?" साहेबांनी विचारले.

"मामांनी, सर."

ती काठ चढली. पूर्वीच्या जागी पोहोचताच थांबली, मान काढून इकडेतिकडे पाहिले. मला ओळखले असावे. कारण माझ्या बाजूने वळसा घालून ती रस्त्यावर आली. वाचकहो, एका कासवाने माझा धसका घेतला आहे हे पाहणे मोठे लज्जास्पद असते. रस्त्यावरून ती रुळांच्या मध्ये शिरली आणि बोळातून चालू लागली. पन्हळीपर्यंत दहा पावले, आपली दहा.

तेवढ्यात खोलीतील घंटा वाजली. सातची पॅसेंजर निघाली होती. यादम्माने फाटक लावले.

"गाडी थांबवता येईल," श्रीनिवास पुटपुटला.

"रोज कौन रोकेगा?" साहेब म्हणाले. "भोक किस लिए बनाया?" ते बरोबर होते, आणि त्यांचा चेहरा सांगत होता की बरोबर असणे त्यांना मुळीच सुखाचे नव्हते.

ती पन्हळीच्या कडेशी आली आणि थांबली. दुरून शिट्टी ऐकू आली. तिने मान आत घेतली, पाय आत घेतले, आणि कडेवर दगड होऊन बसली. अजून चार बोटे पुढे सरकली तर वाचणार होती. साहेबांचा तोल तेव्हा सुटला. ते कुंपणातून वाकून पुढे झाले, हात लांब करून.

"साब! हाथ नक्को!" यादम्मा गरजली. "पीछे! ट्रेन आरी, पीछे!" आणि तिने त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या सदऱ्याला मागून धरून ओढले. मी बांधलेले हात छातीशी धरून डोळे मिटले. रूळ थरथरू लागले, त्या थरथरीने तिच्याखालची खडी सरकली असावी, कारण श्रीनिवास ओरडला, "पडली! आत पडली!" आणि गाडी वर आली.

डबे संपता संपेनात. गाडी गेल्यावर सर्वत्र धूळ आणि शांतता होती. पन्हळीच्या पलीकडच्या तोंडातून कोणी बाहेर आले नाही. एक मिनिट गेले, पाच गेली. फाटक उघडायचे यादम्मा विसरली होती. आमच्या बाजूला रिक्षा, दुधाच्या गाड्या, शाळेची व्हॅन खोळंबल्या होत्या, पण भोंगा कोणी वाजवला नाही, कारण पुढच्यांनी मागच्यांना सांगितले होते.

शेवटी साहेब रूळ ओलांडून त्या तोंडापाशी खाली बसले, मग गुडघ्यांवर आले, आणि मग पांढऱ्या सदऱ्यासकट खडीवर पालथे झाले. फोनचा दिवा आत धरला.

"दिसते का, सर?" श्रीनिवासाने विचारले.

"दो आंखें दिख रही हैं," ते आतूनच म्हणाले. "मेरे को घूर रही हैं."

"दिवा काढा, सर. तुम्ही तिच्या दारात आहात."

ते मागे सरकले आणि रूळ ओलांडून आमच्यात परत आले. थोड्या वेळाने पलीकडच्या तोंडातून आधी नाक आले, मग मान, मग दोन टिळे. खोळंबलेल्या गर्दीतून असा जयघोष झाला की ती पुन्हा आत जाते की काय, या भयाने यादम्माने सर्वांना निशाण दाखवून गप्प केले; लाल निशाण. ती बाहेर पडली, उतार उतरली, आणि फाटकाच्या खोलीमागे जाऊन मऊ मातीत मागच्या पायांनी उकरू लागली.

"अय्यो!" यादम्माने कपाळावर हात मारला. "मेरी पालकूरा! ये थी चोर! मैं दो साल से पड़ोसन की मुर्गियों को गालियां देरी!" तो तिचा पालकाचा वाफा होता.

मला तेव्हा दुसरेच भान आले. "सर्वांनी पाठ करा," मी म्हणालो. "बाळंतिणीकडे पाहू नये."

श्रीनिवासाने ते हिंदीत सांगितले. क्षणभर साहेबांना ते विनोद वाटले. मग माझ्याकडे पाहिले आणि त्यांनी मुकाट्याने पाठ फिरवली. त्यांच्यामागे कामगार, रिक्षावाले, दूधवाले, व्हॅनमधली मुले, सर्वांनी तळ्याकडे तोंडे केली. तेवढ्यात उलट दिशेची गाडी आली. तिच्या चालकाला काय वाटले असेल, कोण जाणे: धुळीने माखलेला अधिकारी, हात बांधलेला भटजी आणि सबंध फाटक, सर्वजण गाडीकडे पाठ करून शिस्तीत उभे. त्याने फारच लांब शिट्टी दिली. कोणी वळले नाही.

"भोक रहेगा," साहेब तळ्याकडे पाहत म्हणाले. "फाटकाच्या दुसऱ्या बाजूलाही एक करा," हे त्यांनी तेलुगूत सांगितले, ते श्रीनिवासाने मला ऐकवले. "और एक बोर्ड. कछुए को उठाना मना है. तेलुगू, हिंदी, इंग्लिश."

"आणि मराठी," मी म्हणालो.

"यहां मराठी कौन पढ़ता, पंडितजी?"

"उचलणारा मी होतो, साहेब. तो मराठी वाचतो."

त्यांनी मान डोलावली.

शुक्रवार

फलकावर तीन ओळी रंगवून झाल्या होत्या. चौथी रिकामी ठेवली होती. रात्री मी त्यासाठी अनुष्टुप् रचला होता. श्रीनिवासाने फलकाची रुंदी दाखवली. मग त्याचे एक चरण केले, तेही मावेना. शेवटी ब्रश हाती घेतला आणि पाठशाळेतील मुलांना कित्ता घालून देतो तशा ठसठशीत अक्षरांत लिहिले: "कासवांना उचलू नये." यादम्मा शेजारी उभी राहून पाहत होती. तिने पालकाच्या वाफ्याभोवती काटक्या रोवल्या होत्या आणि वहीत पहिला आकडा स्वतःच्या हाताने लिहिला होता. "क्या लिखे, पढ़के सुनाओ," ती म्हणाली. मी वाचून दाखवले. "हौ," ती म्हणाली, "तुम्हारे वास्ते अच्छा है."

दुपारच्या गाडीने मी गंगाखेडास निघालो. ग्रंथालय पाहावयाचे राहिले.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, आपण जेथे निघाला असाल तेथे आपल्या पायांनी पोहोचा. आपल्या घरी लेकीबाळींच्या वाटा खुल्या असोत, त्यांवर आपली सावली पडो, हात न पडो. ज्यांनी आपल्याला प्रेमाने अडवले त्यांच्याविषयी मनात राग न राहो, आणि आपण ज्यांना अडवले ते आपल्याला क्षमा करोत. धान्याची कणगी, दारची तुळस, गोठ्यातील गाय आणि भिंतीच्या फटीतील पालसुद्धा सुखी असो. कूर्मरूपी श्रीहरी आपल्या सर्व कुटुंबाचा भार वाहो. शुभं भवतु.